उंबऱ्याबाहेरचा बूट

आमच्या डोंबिवलीत सुमती खांबेटे घरात चपला घालून वावरायची. माजघरात चपला, चुलीपुढे चपला, आणि देवाला फुलं वाहतानाही पायात चपला! पंचावन्न-छप्पन सालचं सांगतेय मी, आणि तेही ब्राह्मणाच्या घरातलं. आळीतल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग तिला हळदीकुंकवाचं बोलावणंच बंद केलं. आमच्या चाळीचे मालक धाकू पाटील, त्यांची बायको आवडाबाई तोंडाची फटकळ. ती एकदा दारातूनच म्हणाली, "काय गो बाय, घरान चपला घालून फिरतंस? देव बघतान ना!"

"बघू देत," सुमती म्हणाली. "त्यांच्यासाठीच घातल्यात."

मुलीच्या दुखण्यानं हिचं डोकं फिरलं, असं सगळे म्हणायचे. डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. मी भिंतीपलीकडच्या खोलीत राहायचे, तेव्हा मला विचारा.

सुमती लग्न होऊन आमच्या चाळीत आली तेव्हा तिच्याइतकी सोवळ्याची कडक बाई अख्ख्या आळीत नव्हती. नवरा बाळ खांबेटे ठाण्याच्या कोर्टात कारकून, स्वभावानं गरीब. संध्याकाळी घरी आला की वहाणा ओटीवर भिंतीशी लावून ठेवायचा, पाय धुवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. पाहुणा कितीही मोठा असो, जोडे बाहेर. हिच्या घरात मांजरसुद्धा पाय पुसून येतं, अशी आम्ही चेष्टा करायचो. ती हसायची, पण तिला त्यात कौतुकच वाटायचं.

तिची एकुलती एक मुलगी वासंती. तिसरं सरत आलं होतं तेव्हा तिला ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. काल अंगणभर धावणारी पोर आज उभीच राहीना. देवऋषी झाले, तेलं झाली, मग कोणीतरी शहाण्यानं मुंबईच्या इस्पितळात न्यायला सांगितलं. बाळभाऊ आधीच भेदरलेले, म्हणून सोबत मी गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी टेबलावर पायाला बांधायच्या आधाराचे दोन नमुने ठेवले. एक आखूड, गुडघ्याच्या खालपर्यंतचा, हलका. दुसरा लांब, थेट मांडीपर्यंत. त्याला दोन्ही बाजूंनी पोलादी सळ्या, गुडघ्याशी चामड्याची गादी, वर-खाली पट्टे, आणि सळ्यांची टोकं एका जाड चामडी बुटाच्या टाचेत बसवलेली. डॉक्टर म्हणाले, "आखुडानं पाऊल सावरेल, पण गुडघा वाकेल. लांब जड आहे, पण पाय सरळ धरून ठेवेल. पोरीचा पाय अजून कोवळा आहे. आत्ता सरळ ठेवला तर सरळ वाढेल, वाकडा राहिला तर वाकडाच घट्ट होईल."

बाळभाऊ म्हणाले, "एवढीशी पोर, एवढं लोखंड कसं ओढणार? आखूडच बरा."

सुमती परक्या माणसांसमोर कधी नवऱ्याच्या शब्दाला आडवी जायची नाही. त्या दिवशी गेली. "लांबच द्या," ती म्हणाली. "जड वाटला तर मी उचलीन तिला, पण पाय सरळ राहू दे."

निवड तिची अगदी बरोबर होती, हे मला ठासून सांगायचंय. तिनं डॉक्टरांना प्रश्नही किती विचारले! चामड्याला तेल लावायचं की पॉलिश, पावसात भिजला तर सुकवायचा कसा, पट्टा किती घट्ट आवळायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "दिवसभर घालायचा, एवढं लक्षात ठेवा." सुमतीनं मान डोलावली.

आणि तिनं तो बूट जपला, तो असा की काय सांगू! सकाळी उठून वासंतीला ओटीवर बसवायची, पट्टे आवळायची, आणि हात धरून तिला पार शेताच्या बांधापर्यंत चालवत न्यायची. संध्याकाळी पुन्हा. पाऊस असो, ऊन असो, घरी पाहुणे असोत, खाडा नाही. परत आलं की ओटीवरच बूट उतरवायचा, फडक्यानं पुसायचा, सळ्यांना तेलाचं बोट लावायचं आणि खणाच्या तुकड्यात गुंडाळून ओटीवरच्या खुंटीला अडकवायचा. मग वासंतीला कडेवर घेऊन आत.

आत ती जमिनीवर बसायची, नाहीतर ढुंगणावर सरकत फिरायची. पाटावर जेवायला बसली की तो पाय दुमडलेला. खेळायला बसली की दुमडलेला. घरातली मुलगी ती, दिवस सगळा घरातच जायचा. पुढे शाळेत जायला लागली, तर तिथेही बूट वर्गाच्या दाराबाहेरच काढायचा.

चामड्याचा जोडा घरात कोण आणतं? हा प्रश्न सुमतीला पडलाच नाही, आणि चाळीत दुसऱ्या कोणाला पडावा असंही काही नव्हतं. एकदाच वासंती पट्टे बांधलेलेच असताना खुरडत आत शिरली, थेट देवांसमोर. सुमतीनं तिला फाडकन थोबाडीत दिली, ओढत बाहेर नेलं आणि सगळी जमीन पुसून काढली. त्या पोरीनं पुन्हा कधी तसं केलं नाही.

इस्पितळात तपासायला नेलं की तिथले डॉक्टर घाईत विचारायचे, "रोज घालता ना?" सुमती म्हणायची, "रोज." त्यात खोटं काय होतं? पुढे ते डॉक्टर बदलले, मुंबईचे हेलपाटे पाय वाढला की मोठा बूट करून आणण्यापुरते उरले. गुडघा जरा आखडल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा सुमतीला वाटलं, चालणं कमी पडतंय. तिनं फेऱ्या वाढवल्या.

वासंती आठवीत लागली, तेव्हा ठाण्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांचं नाव कळलं. ते राहत्या बंगल्यातच रोगी तपासायचे. पायऱ्यांवर आलेल्यांच्या चपलांची रांग लागलेली होती. सुमती खालच्या पायरीवर बसली, वासंतीचे पट्टे सोडले, तो सळ्यांचा बूट रांगेत नीट उभा करून ठेवला आणि पोरीला उचलून आत गेली. मी मागोमाग होते.

डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला, सरळ करून पाहिला. तो सरळ होईना. वासंती कळवळली. डॉक्टर वैतागून म्हणाले, "हिला कधी आधारच दिला नाही का तुम्ही?"

सुमतीला राग आला. "दिला नाही कसा? लांबातला घेतलाय आम्ही. एक दिवस चुकवला नाही."

"मग आहे कुठे तो?"

"बाहेर. पायऱ्यांवर."

"बाहेर का?"

"घरात कसा आणणार, डॉक्टर?" सुमती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्या घरीही बाहेरच असतो?"

"घरी तर देव आहेत."

डॉक्टर स्वतः काळे बूट घालून खुर्चीत बसले होते. माझी नजर सारखी तिकडे जात होती. शेवटी ते म्हणाले, "बाई, ते औषध होतं. औषध कोणी दाराबाहेर ठेवतं का? नुसतं बोलला असतात, तर घरासाठी कापडी बूट शिवून त्यात सळ्या बसवून दिल्या असत्या कोणीही."

कापडी बूट. इतकं सोपं होतं ते.

सुमती रडली नाही. "मी तेलाचं विचारलं होतं," एवढंच ती म्हणाली. मला मात्र त्या मुंबईच्या डॉक्टरांचा असा संताप आला की समोर असते तर फाडफाड बोलले असते. दिवसभर म्हणे! आमच्या घरात दिवस कसा जातो, हे एकदा विचारायला काय जात होतं? आजही तो राग गेलेला नाही. पण रागानं पोरीचा गुडघा थोडाच सरळ होणार होता.

पुढे प्लास्टर झालं. थोडं ताणून पुन्हा प्लास्टर, पुन्हा ताणणं. वासंती रात्रंदिवस कण्हायची आणि सुमती तिच्या उशाशी बसून असायची. पाय बराचसा सरळ झाला, पूर्ण नाही झाला. जो कोन राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, आता जेवढा आलाय तेवढा तरी टिकवा. नवा बूट झाला, घरासाठी कापडी वेगळा झाला.

घरी आणलं त्या दिवशी मी ओटीवरच होते. वासंतीच्या पायात नवा कापडी बूट होता, कोरा, ओटीवरच चढवलेला, धूळही न लागलेला. उंबऱ्याशी आली आणि खाली बसून पट्टे सोडायला लागली.

"राहू दे, घालूनच ये," सुमती म्हणाली.

"नको."

"अगं, कापडाचा आहे. चालतो."

"आई, आत देव आहेत," असं म्हणून पोरीनं गालावर हात ठेवला. मार बसेल म्हणून.

सुमतीनं ते पाहिलं. ती वळली, भिंतीशी लावलेल्या बाळभाऊंच्या चामडी वहाणा पायात सरकवल्या आणि उंबरा ओलांडून थेट देवांसमोर जाऊन उभी राहिली. "बघ," ती म्हणाली, "काही होत नाही. ये."

तेव्हापासून तिच्या पायातून चपला निघाल्या नाहीत. लोक बोलले, तिनं बोलू दिलं. ज्या बाईला शेजारणीच्या ओल्या पायांचा ठसा खपत नव्हता, ती चपला घालून पोळ्या लाटायची, आणि वासंती तिच्यामागून बूट घालून घरभर फिरायची. रात्री निजायच्या आधी सुमती पोरीचा गुडघा हातानं चाचपून बघायची. मला म्हणायची, "हेमाताई, जरा सुटल्यासारखा वाटतोय ना हो?" मी म्हणायचे, वाटतोय. सुटलेला नव्हता.

एका दिवसाची गोष्ट सांगते. सुमती भाजी आणायला गेली होती. वासंती शाळेतून आली. चौदा वर्षांची झाली होती तेव्हा, गुडघ्यावर हात दाबून चालायची. ओटीवर बसली, बूट काढला, फडक्यानं पुसला, त्याच जुन्या खुंटीला अडकवला आणि भिंतीला धरून अनवाणी लंगडत आत निघाली. कापडी बूट दाराआड तसाच पडला होता.

मी ओरडले, "वसू! आई काय सांगते तुला?"

ती दारात थांबली आणि हसली. "आई असली की घालते ना, मावशी. तिला बरं वाटतं."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुमतीच्या चपलांचा आवाज आला. वासंती घाईघाईनं खाली बसली, दाराआडून कापडी बूट ओढला, पट्टे आवळले आणि आत जाऊन उभी राहिली. सुमती पिशवी घेऊन आली, चपलांसकट आत शिरली, आणि आधी तिची नजर मुलीच्या पायाकडे गेली.

"आल्यापासून घातलायस ना?" तिनं विचारलं.

"हो आई," वासंती म्हणाली.

सुमतीनं माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता. मी मान डोलावली आणि भाजी काय मिळाली ते विचारलं.