परांचीमामांची मुंबई

मामा मुंबईत चालताना समोर कधी पाहत नसत. मान वर आणि नजर तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्याही पुढे. आमच्या साखरशेत गावी भाताची कापणी आटोपली की ते मुंबई गाठत आणि गिलाव्यासाठी, रंगकामासाठी इमारतींना बांबूच्या परांच्या बांधत. आयुष्यभर त्यांनी तेच केलं, म्हणून गावात सगळे त्यांना परांचीमामा म्हणत. "सारी मुंबई पायली मी," ते सांगत, "पन भाईरून."

जव्हारला शिकून मी नोकरीसाठी मुंबईत आले, तेव्हा दर रविवारी त्यांनीच मला शहर दाखवलं. मरीन ड्राइव्हला सगळे समुद्र पाहत आणि मामा समुद्राकडे पाठ करून मला बाल्कन्या दाखवत. मलबार हिलच्या एका खिडकीकडे बोट करून म्हणाले, "तठं एक बाई रोज दुपारी एकटीच पत्ते खेळायची. दोघांचे पत्ते वाटायची." काळा घोडा भागातल्या दगडी इमारतींवरचे कोरीव सिंह त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतले होते. पण बांद्र्याच्या मॉलमध्ये चला म्हटलं, तर दारातूनच परत फिरले. "आपलं काम भाईरचं, पोरी."

वरळीच्या एका काचेच्या टॉवरपाशी मात्र ते थांबत. डोळ्यांवर हात धरून वर पाहत आणि हळूच म्हणत, "येतो रं." मला वाटलं, ओळखीचा कोणी काम करत असेल.

"कोण आहे, मामा?"

"लखमा. माझा जोडीदार."

"कधी उतरतो कामावरून?"

मामांनी डोळ्यांवरचा हात काढला. "पडला तो. ह्यो टावर बांधत व्हते तवा, बाराव्या माळ्यावरून, चार वर्सं झाली. पडला, पन उतरला नाय."

भर दुपारचं ऊन होतं. मी मजले मोजले. बाराव्यावरची एकच काच धुरकट होती, कोणी बाहेरून तोंड लावून श्वास सोडावा तशी. पुढच्या रविवारीही ती तशीच होती.

लखमाची म्हातारी आई साखरशेतला मामांच्या शेजारीच राहायची. लखमाला गावी आणून मामांनीच अग्नी दिला होता. तरी ती म्हणायची, "तुमी अंग आनलंत. माझा पोर कठं हाय?" गेल्या वर्षी तिने अन्न सोडलं आणि अंथरूण धरलं. गावाहून फोन आला, तसे मामा मला घेऊन सकाळीच वरळीला गेले.

"लखमा, चल. आई थांबलीय."

तीनदा त्यांनी हाक मारली आणि चालू लागले. "मागं वळू नको," मला म्हणाले. मी वळले. बाराव्या मजल्यावरची काच लख्ख झाली होती.

जव्हारच्या एसटीत मामांनी शेजारची खिडकीची जागा रिकामी ठेवली. गाडी गच्च भरली. वाड्याला एक बाई टोपली घेऊन चढली, त्या जागेपाशी आली आणि थबकली. "बसलंय कोणी," असं स्वतःशीच पुटपुटत ती मागे सरकली आणि जव्हारपर्यंत उभीच राहिली. मी मागच्या बाकावर होते. ओल्या सिमेंटचा वास येत होता.

जव्हारहून जीपने साखरशेतला पोचलो, तेव्हा सूर्य मावळत होता. आठ दिवस अंथरुणावरून न उठलेली म्हातारी दारात उभी होती. मामांकडे तिने पाहिलंच नाही. त्यांच्या खांद्यामागे पाहत ती म्हणाली, "किती वाळलास रं!"

मग आत जाऊन तिने दोन ताटं वाढली, नागलीची भाकर आणि उडदाचं वरण. एका ताटातलं ती सावकाश जेवली. दुसऱ्या ताटाकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. त्या दिवसापासून ती जेवू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून बाहेर आले, तर मामा अंगणाच्या कडेला काठ्या रोवून कुंपण बांधत होते. दोरीला पीळ देऊन गाठ आवळत होते, घाई कसलीच नाही.

"चला ना मामा, गाडी चुकेल."

"तू जा," ते म्हणाले. "मुंबईत आता माझ्या वळखीचं कोनी नाय उरलं."

मी होते की तिथे. जीपवाला हाका मारत होता. मी एकटीच निघाले.