बहिरा डबा आणि लेले सरांचं सर्क्युलर

आमच्या ऑफिसात बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, नोंदवायला सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक बगला नंबर मिळतो, रंग मिळतो आणि शेवटी 'क्लोज्ड' असा शिक्का मिळतो. किश्शांना यातलं काहीच मिळत नाही, म्हणून ते साचत जातात. चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "ते रोडपालीचं सांग ना!" मग मी सांगतो. दर वेळी पाणी एकेक मजला वर चढतं, पण गोष्ट खरी आहे.

ऑफिस म्हणजे पनवेलमध्ये टाइल्सच्या दुकानावर दोन खोल्या. माणसं चार. लेले सर मालक. आधी ते पाण्याचे फिल्टर विकायचे, आता आम्हाला विकतात. शबाना मुकादम कर्नेल लिहिते, म्हणजे यंत्र सुरू झालं की आत सगळ्यांना कामं वाटून देणारा मूळ प्रोग्राम. म्हात्रे दादा सोल्डरिंग आणि वायरिंग बघतात. उलव्याला त्यांच्या जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, त्यामुळे ऑफिसात पगाराची गरज नसलेला हा एकमेव माणूस, आणि वेळेवर येणाराही एकमेव. चौथा मी. शबानाच्या कर्नेलवर मी छोटे प्रोग्राम लिहितो, आणि त्यातले निम्मे तिला दुरुस्त करावे लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. प्रोसेसरच्या पोटात स्टेटस रजिस्टर नावाची इवलीशी जागा असते. तिच्यात एकेका बिटाच्या, म्हणजे नुसत्या शून्य किंवा एक अशा, खुणा असतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. आत्ताच्या गणिताचं उत्तर शून्य आलं का, हातचा उरला का, बाहेरून कोणी हाक मारली तर ऐकायचं की नाही, असल्या पाच-सहा खुणा. सगळं यंत्र त्यांच्या भरवशावर चालतं. आमचं ऑफिसही तसंच चालतं, आणि बंद पडतं तेही त्यांच्यामुळेच.

*

सरांची आणि फ्लॅग्सची पहिली गाठ पडली ती एका डेमोच्या आदल्या दिवशी. स्क्रीनवर सगळे फ्लॅग एका ओळीत दिसत होते. त्यातले बहुतेक शून्य होते.

"एवढी शून्यं क्लायंटला दाखवायची?" सर म्हणाले. "इम्प्रेशन काय पडेल? सगळे एक करा!"

शबाना शांतपणे म्हणाली, "सर, झिरो फ्लॅग एक असतो, तेव्हा उत्तर शून्य असतं."

सरांनी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. दोनदा वाचलं. मग खोडलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, "तो एक फ्लॅग डेमोला आणूच नका."

*

आता रोडपाली. तिथल्या एका सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसाठी आम्ही पंप बंद करणारं यंत्र दिलं होतं. प्रोग्राम माझा. काम अगदी सोपं: टाकी भरली का ते विचारायचं, उत्तर फ्लॅगमध्ये येतं, ते बघून पंप थांबवायचा. मला हुशारी सुचली. आपण दिवसात किती वेळा विचारतो ते मोजावं, म्हणून विचारणं आणि उत्तर बघणं यांच्या मध्ये मी एक छोटीशी बेरीज घातली.

फ्लॅगला फक्त शेवटचं गणित आठवतं. टाकीचं उत्तर पुसलं गेलं आणि जागेवर माझ्या बेरजेचं उत्तर येऊन बसलं. पंप चालूच राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी जिन्यात चपला शोधल्या, त्या तळमजल्यावर सापडल्या.

सेक्रेटरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्यासमोर उभे. "तुमचं यंत्र टाकीला विचारत नाही का, भरली का म्हणून?"

"विचारतं हो. पण टाकीचं उत्तर ऐकायच्या आधीच मी मध्ये दुसरं काहीतरी बोललो."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या मीटिंगसारखंच की!"

पुढचं यंत्रही त्यांनी आमच्याकडूनच घेतलं.

*

मध्यंतरी एक माणूस घ्यायचं ठरलं. मुलाखतीला आलेल्या गृहस्थांचा बायोडेटा सहा पानांचा, त्यात क्लाउड होतं, एआय होतं, नेतृत्वगुण होते. लेले सर भारावून गेले. शबानाने एकच प्रश्न विचारला, "आठ बिटांत दोन आकडे मिळवले आणि उत्तर मावलं नाही, तर हातचा कुठे जातो?"

गृहस्थ हसले. "मॅडम, एवढ्या खाली आता कोण बघतं? ते सगळं तयार फ्रेमवर्क बघून घेतं."

कोपऱ्यात वायर सोलत बसलेल्या म्हात्रे दादांनी मान वर केली. "मंग इंटरव्ह्यूला त्या फ्रेमवर्कलाच बोलवायचा व्हता ना!"

*

इथून पुढचे किस्से हसत सांगतो, पण तेव्हा हसू येत नव्हतं. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही गॅस गळतीचा अलार्म बनवत होतो. आमच्यात त्याला 'डबा' म्हणायचे. शबानाची दोन वर्षं त्या डब्यात गेली होती. सरांनी तिला सर्वांसमोर सांगून ठेवलं होतं, "तळोज्याची सही मिळाली तर तुझं कर्नेल. नाही मिळाली तर बाहेरून तयार घेऊ, आणि मग तू मोकळी." मोकळी हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू सुट्टीच देत होते!

आणि नेमका तेव्हाच डबा बहिरा झाला. नाजूक काम करताना कर्नेल थोडा वेळ कान बंद करतं, म्हणजे हाक ऐकण्याचा फ्लॅग खाली करतं, आणि काम संपलं की पूर्ववत करतं. माझ्या एका प्रोग्रामने काम अर्धवट सोडून मागच्या दाराने पळ काढला, आणि कान बंदच राहिले. सर तेव्हा पाहुण्यांना डबा दाखवत होते. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही.

सर जराही डगमगले नाहीत. "बघा," ते म्हणाले, "हे यंत्र घाईघाईने रिअ‍ॅक्ट होत नाही. मॅच्युअर आहे!"

पाहुणे गेल्यावर मात्र सर्क्युलर निघालं. एआयकडून लिहून घेतलेलं, चकचकीत. यापुढे प्रत्येक प्रोग्रामने बाहेर पडताना सगळं चालू करूनच बाहेर पडावं. प्रोसेसरचे कान, सेन्सर, सगळं, सरसकट. खाली ठळक अक्षरांत: पॉझिटिव्ह राहा.

*

मी पॉझिटिव्ह राहिलो. शबानाच्या कर्नेलने कान बंद करून हवेतल्या गॅसचा आकडा लिहायला घेतला होता, मध्येच माझ्या प्रोग्रामला बोलावलं, आणि मी आज्ञाधारकपणे निघताना कान उघडून दिले. आकडा अर्धाच लिहून झालेला असताना सेन्सरची हाक आत घुसली. अर्धा जुना, अर्धा नवा असा जो आकडा तयार झाला, त्यानुसार आमच्या दोन खोल्यांत माणूस जिवंत असणं शक्य नव्हतं.

भोंगा वाजला. सर सगळ्यात आधी खाली पोचले. टाइल्सच्या दुकानातली गिऱ्हाईकंही रस्त्यावर. म्हात्रे दादा तेवढे वर बसून डबा खात होते, जेवणाचा.

"दादा, खाली या!" मी ओरडलो.

खिडकीतून उत्तर आलं, "गॅस असता तं मना पयला वास आला असता! ह्यो तुमचा सर्क्युलर वाजतोय!"

शबाना त्याच दुपारी सरांकडे गेली. "सर, कान आधीच कोणी बंद केले असतील, तर ते बंदच सोडायचे. आपण आत येताना जसं होतं, तसं ठेवून निघायचं. तुम्ही कोणाच्या घरी गेलात, तिथला बंद दिवा लावलात, तर निघताना पुन्हा बंद करता ना?"

"मी लोकांकडे दिवे लावायला जात नाही," सर म्हणाले. "सर्क्युलर म्हणजे सर्क्युलर."

"बरं," शबाना म्हणाली.

तेव्हा मी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं. भोंगा माझ्यामुळे वाजला होता, चूक काय ते मला कळत होतं. मी उठलो आणि कप विसळायला गेलो. आजही तो कप हातात आला की लाज वाटते.

*

तळोज्याला जायचा दिवस उजाडला. गाडीत सर पुढे बसून फोनवर बोलत होते. मागे शबाना मला हळूच म्हणाली, "सरांचं सर्क्युलरवालं व्हर्जन डब्यात टाकलं नाही मी. माझंच टाकलंय."

मी पुढच्या सीटकडे पाहिलं. "आणि कळलं तर?"

"खैर. नोकरी गेली तर माझी खुर्ची तू घे. तुझी कुरकुरते."

कारखान्यात सही करणारे होते भगत. तिथले सेफ्टीचे माणूस, जवळच्याच गावातले, कमी बोलणारे. भिंतीवर आमचा डबा, त्याला सहा सेन्सर, प्रत्येकाचा डब्यावर एक दिवा. भगतांनी आल्या आल्या तीन नंबरचा सेन्सर बटणाने बंद केला. मग मेंटेनन्सचं बटण दाबलं. सहाही बंद झाले, डब्याने स्वतःची तपासणी केली, आणि दिवे परत आले. एक, दोन, चार, पाच, सहा. तीन नंबर काळाच.

सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते रंगात आले होते. "आमच्या यंत्राची खासियत सांगू? काम झालं की सगळं चालू! सरसकट! मी स्वतः पॉलिसी बनवलीय!"

भगतांनी सहीसाठी काढलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "तीन नंबर रिपेरला काढलाय. नुसत्या वायरी लोंबतात तिथं. आदीच्या कंपनीचा डबा असाच सगलं चालू करायचा. बिघडलेला सेन्सरपन. भोंगा वाजला, आमी पलालो. परत वाजला, परत पलालो. तिसऱ्या टायमाला कोन उठला नाय." ते तीन नंबरकडे वळले. "तवा गॅस खरा व्हता. चार पोरा दवाखान्यात पडलेली, त्यात माझा भाचा."

शबाना लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून उभी होती.

"आता तुमी सांगता सगलं चालू करता," भगत म्हणाले. "मंग ह्यो तीन नंबर का नाय वरडला?"

सरांनी तीन नंबरकडे पाहिलं. मग शबानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी या वेळी नजर खाली घातली नाही. "सर, व्हर्जन शबानाचं आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बराच मोठा आला.

भगतांनी डब्यावरचं मेंटेनन्सचं बटण पुन्हा दाबलं. सहा बंद. पाच चालू. तीन काळा. तिसऱ्यांदा दाबलं. तेच. मग त्यांनी पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला आणि सही केली.

"ज्याला म्हाईत हाय त्यानीच केलंय हे," ते म्हणाले. "मना जरा समजून घ्यायचंय, कसं केलंय ते."

लेले सर एक पाऊल पुढे आले, कोट नीट केला, आणि अतिशय प्रेमाने मागे वळले.

"शबाना, ये, पुढे ये अशी. यांना जरा समजावून सांग, आपण हे मुद्दाम कसं केलंय!"