ठोकेबाई

आमच्या औंढ्यात तिला सिस्टर कुणी म्हणतच नसे. ठोकेबाई म्हणायचे. दारात आली की ख्यालीखुशाली नंतर, आधी मनगट धरायची आणि नाडीचे ठोके मोजायची. पुरतं एक मिनिट, घड्याळावरची नजर हलायची नाही. मी एकदा म्हटलं, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करा की बाई. तर म्हणते, "नाडी आहे ही, शेंगदाणे नाहीत. अंदाजानं नाही मोजत मी."

लोणावळ्याच्या दवाखान्यातून ती दर गुरुवारी पायी यायची, ती आमच्या ह्यांच्यासाठी. हे रेल्वेत, घाटात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवर. वय अठ्ठावीस, पहार काडीसारखी उचलणारा गडी. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, आणि नाडी नुसतं बसल्याजागी शंभराच्या वर. कुणाला खरं वाटेना. प्रेशर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, अशी आमची समजूत. बाई म्हणायची, "तरणा माणूस धडधाकट दिसतो ना, तिथंच फसगत होते. आतलं घोडं उधळलेलं दिसतंय कुणाला?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत नाडी सत्तरावर आली. बाईनं तेव्हाच बजावलं होतं, "ही उतरली ती गोळीमुळं. गोळी एकदम तोडायची नाही."

आणि आम्ही नेमकी तोडली. नवरात्रात हे रजा काढून घटाला बसायचे. नऊ दिवस उपास, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. सासूबाई म्हणाल्या, "उपासाला औषध चालत न्हाई. नाडी उतरलीय न्हवं आता?" बाईचं बोलणं मला आठवत होतं, तरी मी गप्प बसले. ते अजून सलतं बघा.

पाचव्या माळेला हे घामानं भिजून गेले, छाती धरून भिंतीला टेकले. गुरुवारच होता, बाई आली. मनगट धरलं आणि विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" सासूबाई समईची वात सारायला लागल्या. शेवटी मीच सांगितलं.

"गाडी जुंपा. आत्ता डॉक्टरांकडे न्यायचं ह्यांना."

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "घट उठंस्तवर त्यो उंबरा वलांडणार न्हाई."

बाई भांडली नाही. मनगट न सोडता नुसते आकडे मोठ्यानं सांगायला लागली. एकशे छत्तीस. मिनिट गेलं. एकशे बेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस म्हणाली आणि थांबली. "मावशी, ठोके एकात एक मिसळायला लागले, आता मला मोजता येत नाही."

सासूबाई दारातून बाजूला झाल्या. "न्या त्याला. देवीला जाब मी देते."

दवाखान्यात पोचेपर्यंत बाईनं ह्यांचा हात सोडला नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आठ दिवस ठेवून घेतलं. हे वाचले.

दिवाळीनंतर बाईची बदली झाली. निरोप द्यायला सासूबाई खण-नारळ घेऊन माझ्याबरोबर लोणावळ्याला आल्या. बाई विधवा. ती पदर पुढं करेना. हळूच म्हणाली, "मावशी, माझी ओटी भरत नसतात."

"पदर धर गं," सासूबाई म्हणाल्या. "नारळ जड हाय, माझं हात दुखत्यात."