कुणाची म्हणू ही चित्रं?

अरुणजींचा फोन आला तेव्हा मी इंदूरजवळच्या बेटम्याला होते. ऑफिसच्या कामासाठी महिन्यातून एकदा तिथं जावंच लागतं. मंडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांचा एवढा गोंगाट होता की मी एका कानात बोट घालून बोलत होते. ते म्हणाले, "वैशालीजी, सुजाता रविवारी स्टॉलवर नाही येणार आता." मला वाटलं, तापबीप आला असेल. "काही हरकत नाही, पुढच्या वेळी भेटू. आराम करायला सांगा तिला," असं म्हणून मी फोन ठेवायला लागले. पलीकडून ते फक्त "हो" म्हणाले... तासाभरानं कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, तेव्हा कळलं की सकाळी चहा पिता पिताच सुजाता गेली. हार्ट अटॅक. आणि ज्याची बायको दोन तासांपूर्वी गेली त्या माणसाला मी सांगितलं होतं, तिला आराम करायला सांगा.

याला आता सात आठवडे होतील. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. दुःख आहेच, पण त्याहून जास्त गोंधळ आहे. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि तिच्या शेवटच्या दोन वर्षांतलं मला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, याचा मेळच लागत नाही.

सुजाता महूची. आजोबा फौजेत होते, वडील तिथंच शाळेत मास्तर. ती कॉलेजसाठी इंदुरात आली आणि माझ्या बाकावर बसली. अर्थशास्त्राच्या तासाला तिच्या वहीत मागणी-पुरवठ्याच्या रेघेवर चिमण्या बसलेल्या असायच्या. सरांनी एकदा वही उचलली, बराच वेळ बघितली आणि न बोलता परत ठेवली. "अगं वैशू, ते फ्लॅट झाले बघ," ती हसत म्हणाली होती. आमचं मराठी हे असंच, अर्धं हिंदीत भिजलेलं. पुण्याचे नातेवाईक नाक मुरडायचे. सुजाता त्यांच्यासमोर मुद्दाम आणखी हिंदी घुसवायची.

पुढं मल्हारगंजातल्या एका छापखान्यात तिला काम मिळालं. लहान मुलांच्या हिंदी अक्षरपुस्तकांची चित्रं काढायचं. इंदुरातल्या कितीतरी मुलांनी पहिला उंट तिच्या हातचा पाहिला असेल. तो उंट हसायचा. मालक म्हणाले, "मैडम, ऊँट हँसता नहीं है." ही म्हणाली, "मेरे वाला हँसता है, भिया." आणि तो तसाच छापला गेला, वर्षानुवर्षं. मग केव्हातरी कॉम्प्युटरवर तयार चित्रं मिळायला लागली. तिला जा असं कुणी म्हटलं नाही, काम येणंच थांबलं. तेव्हापासून ती शहरातल्या कला मेळ्यांमध्ये छोटी चित्रं घेऊन बसायला लागली. पोस्टकार्डाएवढी. कांदे निवडणाऱ्या बायका, महूच्या फौजी बंगल्यामागं वाळत घातलेले गणवेश, मल्हारगंजच्या गल्लीत अडकलेला हातठेला. तिनं कधीच त्यांच्या छापील प्रती काढल्या नाहीत. मी सुचवलं होतं, तर म्हणाली, "छापलेली खूप केली गं आयुष्यभर. आता एकाचं एकच."

अरुणजी, म्हणजे तिचे यजमान, पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर तेही स्टॉलवर यायला लागले. घडीचं टेबल उघडायचे, दोरी ताणायचे, चिमट्यांनी एकेक चित्र अडकवायचे, अगदी समान अंतरावर. मग मागं स्टुलावर बसायचे. त्यांचा आवाज मी वर्षाकाठी दोन-तीनदाच ऐकला असेन.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना मी मेळ्यात घेऊन गेले. वाटेत सारखं सांगत होते, माझी मैत्रीण आहे, अगदी जिवाभावाची. आम्ही स्टॉलसमोर उभ्या राहिलो. सुजातानं मान वर केली, माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघितलं आणि म्हणाली, "आइए मैडम, देखिए, सब हाथ की बनी हुई हैं." मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी हसले, पण बोलले काहीच नाही. तिनं परत तेच वाक्य म्हटलं, त्याच गोड, परक्या आवाजात. सहकारी बाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझा चेहरा गरम झाला. मी वळले आणि चालू लागले. मागून अरुणजींनी हाक मारल्यासारखं वाटलं, पण मी थांबले नाही.

चार-पाच महिने मी फोन केला नाही. थोडं नाव काय झालं, ओळख विसरली, असं मी घरी चक्क बोलून दाखवलं. शेवटी तिचाच फोन आला. "रागावलीस का गं?" मी म्हटलं, "छे, कशाला?" ती थोडा वेळ थांबली. काहीतरी सांगणार होती असं आता वाटतं... की मी आता तसं ठरवून टाकलंय, देव जाणे. मग म्हणाली, "ये ना मग. नवीन चित्रं केलीत."

मी गेले. आणि ती चित्रं बघून राग विसरले. रंग पूर्वीपेक्षा पातळ, मोकळे, एकमेकांत उतरलेले. आणि त्यांच्यावर काळ्या शाईची रेघ, बारीक, ठाम, कुठं थरथर नाही. मी म्हटलं, "सुजाता, तुझी रेघ कसली झालीये! इतक्या वर्षांत अशी नव्हती." ती मोठ्यानं हसली. "ऐकलंत का हो?" असं अरुणजींना म्हणाली. अरुणजी उठून चहा ठेवायला गेले. त्यातलं कांदे निवडणाऱ्या बाईचं चित्र मी घरी आणलं. तिचं सगळ्यात चांगलं चित्र म्हणून येईल त्याला दाखवत राहिले.

सुजाता गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मल्हारगंजच्या त्यांच्या दोन खोल्यांत बरीच माणसं जमली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मी भांडी आवरत होते. अरुणजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुमच्याकडचं ते चित्र... त्यातल्या रेघा माझ्या आहेत."

मला कळेना ते काय म्हणताहेत. मग त्यांनी खाली बसून, एकेक शब्द तोलत सांगितलं. सुजाताच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. कडेचं दिसायचं, समोरचं मधलं दिसायचं नाही. माणसाचे खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धूसर काहीतरी. ओळखायची ती आवाजावरून. "त्या दिवशी स्टॉलवर तुम्ही बोललाच नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही निघून गेल्यावर मी तिला सांगितलं, वैशालीजी होत्या. ती रडली खूप."

रंग तीच लावायची, अंदाजानं, कागद डोळ्याच्या कडेला धरून. मग शेजारी बसून सांगायची, इथं बाईचा हात आहे, बोटं जाडी आहेत, अंगठा आत वळलाय. अरुणजी पेन घेऊन तेवढं काढायचे. आयुष्यभर लोखंडावर केसभर चूक न करता काम केलेला हात. शेकडो कागद फाडल्यावर जमायला लागलं म्हणे.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मी म्हणायचो, सांग. ती म्हणायची, वैशूला सांगितलं की ती चित्र बघणार नाही, मलाच बघत बसेल."

खरं होतं ते. पण मग त्या दिवशी मी जी रेघ वाखाणली, त्यावर ती हसली ते आनंदानं की आणखी कशानं? नवऱ्याचं कौतुक झालं म्हणून, की स्वतःची रेघ गेली हे मैत्रिणीच्या तोंडून ऐकावं लागलं म्हणून? 'इतक्या वर्षांत अशी नव्हती' असं मी म्हणाले होते. हे वाक्य मला कुठं ठेवावं कळत नाही. कधी तिचा राग येतो, कधी माझा. कधी दोघीही बरोबर वाटतात आणि मग आणखीच काही सुचत नाही.

तिनं आधीच नाव नोंदवून ठेवलेला पुढचा मेळा मागच्या रविवारी झाला. अरुणजी म्हणाले, जागा रिकामी ठेवणं बरं नाही. मी सोबत गेले. एका तरुण मुलीनं चित्र हातात घेऊन विचारलं, "अंकल, ये किसने बनाई है?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "बेटा, हमारे घर में बनी है." मुलीला तेवढं पुरलं. मला अजून पुरलेलं नाही, पण याहून खरं मला तरी सांगता आलं नसतं.

टेबल मिटताना त्यांनी पिशवीतून एक कागद काढून मला दिला. सुजातानं जायच्या आदल्या दुपारी रंगवलेला. नुसते रंग. खालच्या बाजूला गेरूसारखा तांबडा, त्यातून वर चढलेला हिरवा, एका कोपऱ्यात पिवळ्याचा ठिपका. रेघ एकही नाही.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"सांगायची होती ती. संध्याकाळी बसणार होतो, पण पाहुणे आले. म्हणाली, उद्या."

"तुम्ही काढा ना रेघा."

"काय काढू?" ते म्हणाले. "मला कुठं माहीत आहे काय काढायचं?"

मी तो कागद चौकटीत घालून जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. नवरा म्हणतो शेत आहे, मुलीला त्यात पाठमोरी बाई दिसते. काल अरुणजी आले होते. चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग उठले, चौकट खिळ्यावरून काढली, उलटी करून परत लावली, दोन पावलं मागं झाले. पुन्हा जवळ गेले आणि ती पहिल्यासारखी केली.

"वरची बाजू कुठली, तेही विचारायचं राहिलं," ते म्हणाले.