अनसूयाबाईंची मांडी

आगाशीच्या आमच्या शाळेत अनसूयाबाई वीस वर्षं दुसरीला इंग्रजी शिकवतात. त्यांचा एकच हट्ट: जे अंगानं केलं नाही, ते तोंडानं बोलायचं नाही. मुलं हमखास ‘सिटिंग विथ क्रॉस लेग’ म्हणायची. मग बाई पदर खोचून स्वतः फरशीवर मांडी घालायच्या आणि ‘सिटिंग क्रॉस-लेग्ड’ घोटवून घ्यायच्या. आम्ही बाकीच्या शिक्षिका फळ्यावर लिहून मोकळ्या.

यंदा बाईंचे गुडघे धरले. डॉक्टरांनी मांडी बंद सांगितली. हे फक्त मला ठाऊक. मुख्याध्यापिकांना कळलं तर वर्ग काढून घेतील आणि ऑफिसात कागद भरायला बसवतील, या धास्तीनं बाईंची झोप उडाली होती.

अशात तपासणीला साहेब येणार म्हणून निरोप आला, आणि पाठ नेमका बाईंचा ठरला. मी म्हटलं, चित्र दाखवा. त्या म्हणाल्या, मुलं लबाडी लगेच ओळखतात. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. भीती मलाही वाटत होती, म्हणून हजेरीचं निमित्त काढून मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहिले.

बाई टेबलाच्या आधारानं खाली बसल्या. चेहरा पांढरा पडला, पण मांडी घातली. मुलांनी वाक्य खणखणीत म्हटलं. साहेब खूश झाले. त्यांनी विचारलं, आता बाई उठल्या की काय म्हणाल?

बाईंनी टेबलाचा पाय धरून जोर लावला. अर्ध्यातून परत खाली बसल्या. पुन्हा तेच झालं.

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. म्हणा रे, म्हणून बाई डोळ्यांनीच विनवत होत्या. कुणी तोंड उघडेना. शेवटी साहेबांशेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकांनी पुढे बसलेल्या राधिकाला दटावलं, एवढं साधं येत नाही का?

“येतं,” राधिका म्हणाली. “पण बाई अजून उठल्या नाहीत.”

बाईंनी टेबलाचा पाय सोडला.

“बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “मला उठता येत नाही.”

मी आत गेले, त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना वर घेतलं. मुख्याध्यापिका वहीत काहीतरी लिहीत होत्या. तेवढ्यात सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “बाई इज स्टँडिंग.”