शेडमधला डोळ्यांचा डॉक्टर

ऑस्ट्रेलियातल्या एका पोलादाच्या कारखान्यात केल्विन ट्रेझीसला सगळे 'डॉक्टर' म्हणत. शिकला होता तो बॉयलर बांधायला. पण लोखंड घासताना ग्राइंडरचा कण कुणाच्या डोळ्यात उडाला, की गडी कारखान्याच्या नर्सकडे न जाता तडक केल्विनपुढे उभा राहायचा. नर्सकडे गेलं की अपघाताची नोंद व्हायची, आणि नोंद झाली की शुक्रवारी कंपनीकडून मिळणारी फुकटची बिअर अख्ख्या शेडला बंद. एका डोळ्यापायी बिअर बुडवणाऱ्याची मग काय धडगत! केल्विन काडेपेटीची काडी तासायचा, पापणी उलटायचा आणि कण अलगद टिपायचा. हात स्थिर होता, आणि त्या हाताचा तोरा त्याहून मोठा.

एकदा मात्र त्याच्या जिवलग दोस्ताच्या, वेल्डिंग करणाऱ्या क्लॅरीच्या, डोळ्यातला कण काही केल्या सापडेना. भोवती टवाळखोर जमलेले. "काय डॉक्टर, तुम्हालाच चष्मा लागला की काय?" केल्विन चिडला आणि बोलून गेला, "निघाला!" पुढे डोळ्याची लाली ओसरली, क्लॅरी कामाला लागला. खोटं पचलं, असं केल्विनला वाटलं.

दोघे निवृत्त झाल्यावर क्लॅरीला भोवळ येऊ लागली. डोक्याचा एमआरआय करायचं ठरलं. ॲडलेडपर्यंत गाडी केल्विननेच चालवली. वाटेत खिमा भरलेले 'मीट पाय' खाल्ले, फुटबॉलवरून यथेच्छ भांडले.

तपासणीच्या खोलीबाहेर इलेनी नावाची तंत्रज्ञ होती.

"घड्याळ, किल्ल्या, पट्टा, कानातलं यंत्र, सगळं बाहेर ठेवा. आतलं चुंबक कायम चालू असतं. पेसमेकर? शरीरात कुठे क्लिप, स्क्रू?"

"छे!" क्लॅरी म्हणाला.

"आवाज फार होतो, कानाला बोळे देऊ. घाबरलात तर हातातला रबरी फुगा दाबा, मी मशीन थांबवेन."

"पोरी, माझ्या बायकोचा आवाज ऐकला नाहीस अजून."

ती हसली. "आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण?"

"गेला होता की! पण या केल्विनने तिथल्या तिथे काढला." क्लॅरीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा हात गावात दुसरा नव्हता."

इलेनी केल्विनकडे वळली. "नक्की निघाला होता? आत राहिला असेल तर चुंबक त्याला हलवेल. डोळा जाऊ शकतो."

पाठीवरची ती थाप केल्विनला चपराकीसारखी लागली होती.

"नाही निघाला," तो म्हणाला. "मला तो दिसलाच नव्हता, क्लॅरी. चारचौघांत फजिती नको म्हणून मी खोटं बोललो."

आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. बुबुळामागे पांढरा ठिपका स्पष्ट दिसला. एमआरआय रद्द झाला. दुसऱ्या तपासणीचं बघू, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

बाकावर बसून क्लॅरी खाली मान घालून घड्याळ, पट्टा पुन्हा चढवत होता. केल्विनला ते सहन होईना.

"शिव्या तरी घाल रे!"

"माझं मरू दे," क्लॅरी म्हणाला. "आपला डीन शेडमध्ये कामाला लागला, तेव्हा त्याला मीच बजावलं होतं, नर्सकडे पाऊल टाकू नकोस, केल्विनकाकाकडे जा. माझ्या पोराच्या डोळ्यातला तरी निघाला होता ना?"

केल्विनने खूप आठवून पाहिलं. पापणी धरल्यावर कळवळलेला डीन आठवला. कण आठवेना.

"मला सांगता येत नाही, क्लॅरी."

क्लॅरीने खिशातून फोन काढला, मुलाचा नंबर लावला आणि फोन केल्विनच्या हातात दिला.