मामांनी पाहिलेला छाप

कपबशा धुऊन पालथ्या घातल्या की मला पाहायला आले होते तो दिवस आठवतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. खालापुरात आमच्या सारवलेल्या ओटीवर कर्जतची मंडळी बसली होती. मुलाच्या मामांना जुन्या विलायती कपबशांचा भारी नाद. मी चहा पुढे केला, तर म्हणाले, "आधी तळाचा कंपनीचा छाप बघू. खरा छाप चकाकीच्या खाली असतो, बोटाला लागत नाय." आणि त्यांनी भरलेला कपच पालथा केला. चहा सगळा धोतरावर! "भाजलो, भाजलो" म्हणत ते उठले, पण कप काही सोडला नाही. तळावर बोट फिरवून ओरडले, "अस्सल हाय! हे सहा कप मुलीबरोबर द्या, दुसरं काय नको." आईचा चेहरा उतरला. वडील खाली बघू लागले. शेवटी मीच म्हणाले, "मामा, कप शेजारच्या मास्तरीणबाईंचे हायत. मागून आणलेत." मुलगा एकदम खो खो हसत सुटला. त्या हसण्यावरच मी होकार दिला. लग्नात ऐन मुहूर्ताला मामा मांडवात सापडेनात. ते मास्तरीणबाईंच्या ओटीवर बसून उरलेल्या पाच कपांचे तळ तपासत होते. मुंडावळ्या बांधलेली मीच त्यांना हाताला धरून घेऊन आले, हे माझ्या नातींना आजही खरं वाटत नाही.